वडिलांना पार्किन्सन आहे. आवाज अगदी बारीक झालाय आणि पाणी पिताना ठसका लागतो. काय करता येईल?

ठसका लागतोय तोवर घसा निदान धोका ओळखतोय. खरी काळजी तो थांबल्यावरची. माझ्या आईला आधी पाण्याचा ठसका लागायचा, मग तो बंद झाला आणि आम्ही समजलो, आता बरं आहे. फक्त पाणी प्यायल्यावर तिचा आवाज ओला यायचा, तोंडात गुळणी धरून बोलावं तसा. काही आठवड्यांत न्यूमोनिया झाला. घशाची जाणीवच बोथट झाली होती, पाणी गुपचूप श्वासनलिकेत उतरत होतं. पार्किन्सनमध्ये मृत्यूचं एक मोठं कारण हाच न्यूमोनिया असतो, म्हणून हे आधी सांगतेय.

न्यूरोलॉजिस्टना सांगून स्पीच थेरपिस्टला दाखवा. गिळणं तपासणं हेही त्यांचंच काम, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. व्हिडिओफ्लुरोस्कोपीत बेरियम मिसळलेला घास कुठे जातो ते एक्स-रेवर चालतं-फिरतं दिसतं. पाणी घट्ट करून द्यायचं का, हनुवटी छातीकडे झुकवून गिळायचं का, हे त्यावरून ठरू द्या. ऐकीव माहितीवर सुरू करू नका. घट्ट पाणी नकोसं वाटून माणूस पिणंच कमी करतो, तेही वाईट.

तोवर ताठ बसवून छोटे घोट द्या, घास तोंडात असताना त्यांना बोलायला लावू नका. पार्किन्सनच्या गोळीचा असर चांगला असतो त्या वेळात जेवण द्या. आणि रात्री दात नक्की घासून द्या, तोंडातले जंतूच लाळेबरोबर फुफ्फुसात जातात.

आवाजाचं म्हणाल, तर "मोठ्याने बोला" म्हणून वैतागू नका. त्यांना स्वतःचा आवाज पुरेसा मोठाच वाटतो, मेंदूचं मोजमापच चुकलेलं असतं. आई म्हणायची, "अगं, ओरडतेय की मी!" एकदा फोनवर रेकॉर्ड करून ऐकवलं, तर ती गप्पच झाली. यासाठी 1987 पासून विकसित होत गेलेली एलएसव्हीटी लाउड नावाची थेरपी आहे: आठवड्याला 4 याप्रमाणे 4 आठवडे, तासातासाची सत्रं आणि रोज घरी सराव. लक्ष एकाच गोष्टीवर, मोठ्या आवाजावर. आईचा आवाज त्यानंतर शेजारच्या खोलीपर्यंत यायला लागला. सराव सुटला की पुन्हा बसायचा, हेही खरं.

डॉक्टरांकडे जाताना वडील पाणी पितानाचा आणि लगेच नंतर बोलतानाचा एक व्हिडिओ काढून न्या. तिथे गेल्यावर नेमका ठसका लागत नाही.