आधी क्लायंट, मग पुस्तक

प्रिय विद्यार्थिनीस,

प्रकाशक मागे लागलेत, मानसिक त्रासावर स्वमदतीचं पुस्तक आत्ताच लिहायला घेऊ का, असं तू विचारलंस. माझं मत विचारशील तर आणखी काही वर्षं थांब.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस तू परीक्षेपुरता वाचलायस. त्याची कारकीर्द नीट बघ. 1947 मध्ये कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी., मग मनोविश्लेषणाचं प्रशिक्षण आणि न्यूयॉर्कमध्ये प्रॅक्टिस. क्लायंट बालपण उकरतो, त्याला पुष्कळ काही उमगतं, पण रोजचं जगणं फारसं बदलत नाही, हे त्याच्या लक्षात येत गेलं. म्हणून शिकलेली पद्धत सोडून 1955 च्या सुमारास त्यानं स्वतःची मांडली: आपल्याला छळतो तो घटनेबद्दलचा आपला हट्टी समज. रॉबर्ट हार्परबरोबरचं 'ए गाइड टू रॅशनल लिव्हिंग' आलं 1961 मध्ये. त्या पानांमागे किती माणसांचं ऐकून घेतलेलं होतं बघ.

मला त्याचा गृहपाठ फार आवडतो. 'लोक काय म्हणतील' या भीतीनं गोठलेल्या माणसाला तो भुयारी रेल्वेत पाठवायचा. डब्यात उभं राहून येणाऱ्या स्टेशनचं नाव मोठ्यानं पुकारायचं. चार माणसं वळून बघतात, पुन्हा आपापल्या पेपरात डोकं घालतात, एवढंच. हे समोर बसून कितीही समजावलं तरी पटत नाही, स्वतः केल्यावर पटतं. तुझे लेख वाचून 'छान वाटलं' म्हणणारे पुष्कळ आहेत. 'करून पाहिलं, पण दुसऱ्या पायरीला अडलो' म्हणणारा मला हवा आहे. पुस्तक त्याच्यासाठी लिही.

आणि क्लायंटच्या कहाण्यांचं सांभाळ. नुसतं नाव बदलून भागत नाही. तालुक्याच्या गावातली शिक्षिका, नवरा बँकेत, दोन मुली, एवढ्यावरून सगळा तालुका तिला ओळखतो. लेखी संमती घे, तपशील मुळापासून बदल, आणि तरीही मनात शंका राहिली तर ती केस गाळून टाक.

एम.फिल. झालं की आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी आधी करून घे. तिच्याशिवाय मुखपृष्ठावर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' छापू नकोस. पहिल्याच पानांत, जीव नकोसा झालेल्या वाचकानं पुस्तक वाचत न बसता माणसाकडे जावं, हे ठळक लिही आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दे.

मुंबईच्या प्रा. कि. मो. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून त्याची पद्धत आपल्याकडे रुजवली. त्यांचं मराठी लेखन मिळवून वाच. मराठी माणसाचा हट्ट मराठीत कसा पकडायचा, ते तिथे दिसेल.

पुढच्या भेटीला प्रकरणांची यादी आणू नकोस. एकच व्यायाम आण, सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे वरिष्ठांच्या देखरेखीखाली, क्लायंटना दिलेला, आणि कोण कुठे अडलं त्याच्या नोंदी.

तुझे सर