डेडलाइनचे सौदे समजून घ्यायचे तर आधी कॅपचं गणित

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधले खेळाडूंच्या अदलाबदलीचे सौदे नुकतेच पाहायला लागला असाल तर खेळाडूच्या पगाराचा वार्षिक आकडा पाहून "हा बसणारच नाही" असं लगेच ठरवू नका. कॅपचा, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेचा, हिशेब रोजच्या रोज होतो. 2025-26 ची मर्यादा 9.55 कोटी डॉलर. समजा, संघाने पहिल्या दिवसापासून 10 लाख डॉलर मोकळे ठेवले. मार्चच्या सुरुवातीला, म्हणजे सौद्यांच्या डेडलाइनच्या सुमारास, हंगामाचे जेमतेम चाळीसेक दिवस उरतात, त्यामुळे त्याच शिलकीत साधारण 45 लाखांच्या वार्षिक कॅप हिटचा (कॅपमध्ये धरल्या जाणाऱ्या रकमेचा) खेळाडू मावतो. मात्र दीर्घकालीन दुखापतीची सवलत (जखमी खेळाडूच्या बदल्यात मर्यादा ओलांडण्याची मुभा) वापरणाऱ्या संघाकडे ही शिल्लक साठत नाही. नवखे नेमके इथेच फसतात.

जागा कमी पडली तर विकणारा संघ 50 टक्क्यांपर्यंत पगार स्वतःकडे ठेवू शकतो. एका वेळी असे तीनच करार चालतात, आणि करार लांबचा असेल तर तो भार शेवटच्या वर्षापर्यंत राहतो. म्हणूनच हंगामाअखेर करार संपणाऱ्या खेळाडूंना मागणी जास्त. माझ्या मते ड्राफ्ट पिकच्या (नवे खेळाडू निवडण्याच्या हक्काच्या) किमतीआधी हे तपासावं.

आता प्लेऑफमध्येही सामन्यात उतरणाऱ्या 20 जणांचा हिशेब मर्यादेत बसावा लागतो. जखमी स्टार परतणार असेल तर ती बेरीज सौद्याआधीच करा.