घरच्या रेकॉर्डिंगसाठी इंटरफेस: इनपुट मोजा, पण माइकचे मोजा

मंगळवार पेठेतून एक गायिका विचारतात: सर, मी गाते, सोबत पेटी आणि तबला. घरीच रेकॉर्ड करायचंय. दुकानदार म्हणतो चार इनपुटचा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारा डबा) घ्या, म्हणजे प्रश्न मिटला. घेऊ का?

ताई, दुकानदाराला एवढंच विचारा, ‘यात माइक किती लागतात?’ खोक्यावरच्या आकड्यात लाइन इनपुटही धरलेली असतात. फोकसराइटच्या स्कार्लेट ४आय४ला माइक लागतात दोनच. उरलेली दोन इनपुटं कीबोर्ड, मिक्सर असल्या गोष्टींसाठी. बेरिंजरच्या यूएमसी४०४एचडीला मात्र चारही माइक लागतात. नावात चार दोन्हीकडे, काम वेगळं.

आता तुम्हाला चार हवेत का? रियाज ऐकून चुका काढायच्या असतील तर दोनात भागतं: एक तुमच्यासमोर, दुसरा पेटी आणि तबल्याच्या मधे. पण रेकॉर्डिंग चार लोकांना ऐकवायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे, चारच घ्या. गळ्याला एक, पेटीला एक, दाया आणि बायाला एकेक. बायाची घुमक पेटीच्या माइकमध्ये थोडी शिरणारच, तरी मागाहून तबला वर-खाली करायला हाताशी काहीतरी राहतं. एकाच ट्रॅकवर मिसळलेली पेटी नि तबला सुटे करता करता जीव मेटाकुटीला येतो.

आणखी एक. अल्लादियाखाँसाहेबांच्या घराण्याची आकारातली तान, तिच्यातला श्वास पकडायला कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा) लागतो आणि त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे इंटरफेसनं माइकच्या वायरीतूनच पुरवलेली वीज. ते बटण इंटरफेसवर आहे ना, बघूनच पैसे द्या.

एका शाहिरी पथकाचा प्रश्न: हलगी वाजली की आवाज फाटतोय. चुकतंय कुठं?

बहुतेक वेळा गेन, म्हणजे माइकचा आवाज आत किती वाढवून घ्यायचा ते, लावायच्या वेळेत. माझाच एक अख्खा पोवाडा असा वाया गेला. थंड हलगीवर गेन लावला, सगळं हिरवं दिसलं. मग गड्यानं हलगी जाळावर शेकून आणली, कातडं ताणलं, पहिल्याच कडकडाटाला लाल दिवा पेटला आणि शेवटपर्यंत विझला नाही. फाटलेला आवाज नंतर धड शिवता येत नाही. तेव्हा हलगी शेकून, सगळ्यात जोराची थाप मारायला लावून गेन ठरवा. सॉफ्टवेअरच्या मीटरवरचा आकडा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. २४ बिटवर रेकॉर्ड करताना आवाज थोडा कमी आला तरी भ्यायचं कारण नाही. गेन शून्यावर आणूनही लाल होत असेल, तर पॅडचं (आत येणारा आवाज आधीच कमी करणारं) बटण असलेला इंटरफेस बघा आणि माइक हातभर मागे घ्या.

इचलकरंजीचा एक रॅपर: हेडफोनमध्ये माझा आवाज उशिरा येतोय. महागडा इंटरफेस घेऊ का?

थांब मित्रा, पैसे राखून ठेव. सॉफ्टवेअरमधला बफर बघ, म्हणजे संगणक आवाजाचे किती तुकडे (सॅम्पल) साठवून मग पुढे पाठवतो तो आकडा. ४८ किलोहर्ट्झवर ५१२चा बफर म्हणजे जवळपास ११ मिलिसेकंद. आवाज आत जाताना तेवढा आणि बाहेर येताना तेवढाच वेळ घेतो. १२८ केलास की एका बाजूला तीन मिलिसेकंदांहूनही कमी. विंडोज असेल तर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिरानं ने-आण करणारं सॉफ्टवेअर) टाक. तरीही लॅपटॉप अडखळला तर डायरेक्ट मॉनिटर चालू कर, मग तुझा आवाज संगणकात न शिरता थेट कानात येतो. आणि हेडफोन वायरचाच हवा. ब्लूटूथचा असेल तर बाकीचं सगळं करून उपयोग नाही.

राधानगरी रोडवरून: वरच्या पत्र्याच्या खोलीत, भिंतींना वाकळा टांगून पॉडकास्ट करतो. पावसाळ्यात कुठला इंटरफेस चालेल?

कुठलाच नाही. भिंतींना वाकळा टांगल्यात हे चांगलं, पण त्यानं खोलीतलं घुमणं कमी होतं, पत्र्यावरचा पाऊस नाही. जून ते सप्टेंबर खालच्या स्लॅबच्या खोलीत बसा, डायनॅमिक माइक (जवळचाच आवाज जास्त घेणारा) तोंडापासून चार बोटांवर धरा. सध्याचा इंटरफेस तसाच वापरा.