भाषेतली संदिग्धता म्हणजे नेमकं काय? तिचा काही उपयोग असतो का?

एकाच शब्दाचे किंवा वाक्याचे दोन (कधी जास्त) सरळ अर्थ निघत असतील तर ती संदिग्धता. 'थोड्या वेळाने येतो' हे संदिग्ध नाही, नुसतं मोघम आहे. अर्थ एकच, फक्त सैल. हा घोळ बरेच जण करतात.

शब्दामुळे होणारी संदिग्धता सोपी असते. 'वर कुठे आहे?' यातला वर म्हणजे नवरदेव की वरचा मजला, हे संदर्भ सांगतोच. खरी गंमत वाक्यरचनेत. 'मी त्याला पळताना पाहिलं', यात पळत कोण होतं, मी की तो? 'सुंदर मुलीचा फ्रॉक' घ्या. सुंदर कोण, मुलगी की फ्रॉक? पण 'मोठ्या मुलीचा फ्रॉक' आणि 'मोठा मुलीचा फ्रॉक' यांत गोंधळ होत नाही, कारण 'मोठा' हे विशेषण विभक्तीप्रमाणे रूप बदलतं. 'सुंदर', 'लाल', 'लहान' बदलत नाहीत.

उपयोग? श्लेष अलंकार, कोट्या, कोडी हे सगळं यावरच चालतं. पण मला जास्त आवडतो तो रोजचा, शिष्टाचारातला वापर. 'आता आपण निघावं' हे वाक्य पाहा. आपण सगळे, की आदरार्थी 'तुम्ही', की बोलणारा स्वतः? पाहुण्याला न दुखावता उठवायला यापेक्षा सोयीचं वाक्य नाही. करारात, औषधाच्या सूचनेत मात्र असलं काही नको. तिथे 'तो', 'ते' टाळून सरळ नाव पुन्हा लिहावं, वाक्य कंटाळवाणं झालं तरी चालेल.