घरचीच डॉक्टर हवी, म्हणून आणखी एक ड्रॉप?

प्रश्न : आम्ही इंदूरच्या सुदामानगरात राहतो. मुलीने मेडिकल प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा दोनदा दिली, यंदा ४१२ गुण. आम्ही आणखी एका ड्रॉपचं, म्हणजे वर्षभर कॉलेज न घेता तयारीचं, ठरवलं आहे, भंवरकुआंच्या कोचिंगची फीही भरली. धाकट्या मुलाचं हृदय जन्मापासून उजवीकडे आहे, त्यातलं छिद्र ऑपरेशनने बुजवलंय. घरचीच हार्टची डॉक्टर असली की आमची काळजी मिटेल. मुलगी मात्र इको (हृदयाची सोनोग्राफी) टेक्निशियन व्हायचं म्हणते. मशीन सगळं दाखवतं, ही नुसता प्रोब धरणार! तिला समजवा.

(पत्राखाली मुलीच्या अक्षरात : हृदय छातीत, मग इकोवाल्या मॅडमनी प्रोब आधी पोटावर का ठेवला, असं मी विचारलं. त्यांनी स्क्रीनवर दाखवलं. मला तेच शिकायचंय.)

उत्तर : गुणांचं राहू द्या. मला खटकलं ते ‘आमची काळजी मिटेल’. हिशेब करून बघा. एमबीबीएसला इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, एमडीला ३, हृदयविकारातल्या डीएम या त्यापुढच्या पदवीला ३. दर वेळी पहिल्या फटक्यात जागा मिळाली तरी साडेअकरा वर्षं झाली. मुलाला तपासण्या आज लागतात, आणि त्या करणारे डॉक्टर त्याला आज आहेतही. शिवाय शहाणा डॉक्टर सख्ख्या भावावर सहसा स्वतः उपचार करत नाही. म्हणजे तुम्ही मुलीला करिअर देत नाही आहात, स्वतःच्या धास्तीवरचा उतारा म्हणून तिला राबवता आहात. उद्या डीएमची जागा हुकली तर ती भावाची अपराधी ठरणार का? भावाच्या ऑपरेशनच्या दिवसांत ती कशी होती, हे पत्रात कुठेच नाही. बहुधा तिला कुणी विचारलंही नसेल.

तिची स्वतःची इच्छा असेल तर तिने तिसऱ्यांदा नीट जरूर द्यावी. बीडीएस, बीएएमएस, नर्सिंग हे रस्ते तुम्हाला माहीत आहेतच.

आता ‘मशीन सगळं दाखवतं’ याबद्दल. मशीन राखाडी सावल्या दाखवतं. कुठली सावली कोण, हे बघणाऱ्याने ओळखायचं. जन्मजात दोषात तर जागेवरून ओळख पटतच नाही. हृदय उजवीकडे दिसलं, तर ते मुळातच उजवीकडे वळलंय, की उजवं फुप्फुस लहान राहिल्याने तिकडे सरकलंय? पोटातले अवयव कुठे आहेत? सगळंच आरशातल्यासारखं उलट असेल तर हृदयाची रचना बरेचदा ठीक निघते. यकृत-जठर जागच्या जागी आणि एकटं हृदय उजवीकडे, तर आत दोष असण्याची शक्यता पुष्कळ वाढते. म्हणून सुरुवात पोटापासून. बरगड्यांखाली प्रोब आडवा धरला की मणका दिसतो, त्याच्या एका बाजूला महाधमनी, दुसऱ्या बाजूला अशुद्ध रक्त वर नेणारी मोठी शीर. त्या शिरेचा माग काढत वर गेलं की ती बहुतेक वेळा उजव्या वरच्या कप्प्यात उघडते, मग तो कप्पा छातीत कुठेही असो. खालचे कप्पेही घडणीवरून ओळखायचे : उजव्यात स्नायूंचे जाड पट्टे आणि झडप कप्प्यांमधल्या पडद्यावर किंचित हृदयाच्या टोकाकडे बसलेली, डाव्यात पडदा गुळगुळीत. शेवटी हृदयातून निघणाऱ्या नळ्या. लवकर दुभंगून दोन्ही फुप्फुसांकडे जाते ती फुप्फुसधमनी. डोक्याकडे फांद्या देते ती महाधमनी. कोण कुणाला जोडलंय, ते प्रत्येक सांध्याला वेगळं तपासायचं. बोस्टनच्या रिचर्ड आणि स्टेला व्हॅन प्राघ या दांपत्याने ही टप्प्याटप्प्याची रीत रुजवली. तुमच्या लेकीने विचारला तो या रीतीतला पहिलाच प्रश्न. पाठ्यपुस्तकात ‘हृदय किंचित डावीकडे कललेलं’ एवढंच पाठ करून पुढे जाणारी मुलं मी ढिगाने पाहतो.

तिलाही दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. रिपोर्टवर सही डॉक्टरची असते. स्क्रीनवर दोष दिसला तरी बाहेर बसलेल्या आईला तो तू सांगायचा नाहीस. सुरुवातीचा पगारही बेताचाच. हे पचणार नसेल तर नीटचा विचार पुन्हा कर. मात्र बाबा समजतात तसं हे हरकाम्याचं काम नाही. अशा पेशांसाठी २०२१ च्या केंद्रीय कायद्याने स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली आहे.

भावाच्या पुढच्या तपासणीला तिलाच सोबत पाठवा. त्याच मॅडमना विचारून काही दिवस इको रूममध्ये बसता आलं तर बसू द्या. मग कार्डिअॅक टेक्नॉलॉजीच्या बीएस्सीसाठी कॉलेजं बघा. तिथे लहान मुलांचे इको होतात का, आणि विद्यार्थ्यांच्या हातात प्रोब कितव्या वर्षी देतात, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच गाठून विचारा. ‘मशीन आहे, पण हात लावू देत नाहीत’ असं ऐकलंत, तर फी भरू नका.