वाचकांचे प्रश्न : छोट्या संगणकात आधी काय बदलावे?

प्रश्न : बेळगावातील शहापूर भागात माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुके, देवस्थानांची निमंत्रणे अशी मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतील कामे मी स्वतःच संगणकावर जुळवतो. तीन वर्षांपूर्वी रिफर्बिश्ड (वापरलेला, पण दुरुस्त करून पुन्हा विकलेला) म्हणून घेतलेला, जाड वहीएवढ्या आकाराचा डेस्कटॉप माझ्याकडे आहे. त्यात आठव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क आहे. सकाळी चालू केल्यावर कोरल ड्रॉ उघडेपर्यंत माझा चहा पिऊन होतो. दुकानदार म्हणतात की आता नवाच घ्या, ४२,००० रुपये पडतील. माझी तयारी १५,००० रुपयांची आहे. रॅम वाढवू की एसएसडी बसवू, आणि कितीची?
— एक मुद्रक, शहापूर, बेळगाव

उत्तर : आपला संगणक बदलू नका. हे इतक्या ठामपणे सांगण्याचे कारण असे की, विंडोज १० ला नियमितपणे मिळणारे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. आपला प्रोसेसर त्या रेषेच्या अलीकडे, म्हणजे बसणाऱ्यांत आहे. तो सहाव्या पिढीचा असता, तर त्यावर १५,००० रुपये घालण्याआधी मी आपल्याला दोनदा विचार करायला सांगितले असते.

रॅम (म्हणजे मेमरी, चालू कामाची तात्पुरती जागा) की एसएसडी (हार्ड डिस्कचे काम करणारी, चिपवर साठवण करणारी डिस्क) या प्रश्नाचे उत्तर आपला संगणक स्वतःच देतो, आणि त्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. सकाळी संगणक सुरू होताच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्स या भागात जा. तेथे डिस्कचा आकडा बराच वेळ १०० टक्क्यांवर चिकटून राहिला आणि मेमरीचा आकडा मात्र निम्म्याच्या आसपास असला, तर दोष हार्ड डिस्कच्या संथपणाचा आहे. त्यानंतर भर कामात, म्हणजे कोरल, फोटोशॉप, व्हॉट्सअॅप वेब आणि टंकलेखनाचे सॉफ्टवेअर असे सगळे उघडे असताना पुन्हा पाहा. मेमरी ९० टक्क्यांच्या पुढे जात असेल, तर रॅमही अपुरी आहे. आपण लिहिलेल्या लक्षणांवरून दोन्ही गोष्टी कमी पडत असाव्यात असे मला वाटते, पण पहिला मान एसएसडीचाच आहे.

याचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर एक सुई इकडून तिकडे सरकत असते आणि प्रत्येक वेळी योग्य जागी पोहोचायला तिला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात. विंडोज आणि कोरल सुरू होताना हजारो बारीक फायली वाचल्या जातात, शिवाय आपल्या व्यवसायात शेकडो फॉन्ट असतात, आणि त्यातील प्रत्येकासाठी सुईची धावपळ होते. एसएसडीत फिरणारा भागच नसल्यामुळे तेच काम मिलिसेकंदाच्या एका छोट्या अंशात होते. म्हणूनच ८ जीबी रॅम तशीच ठेवून केवळ एसएसडी बसवली तरी सकाळच्या प्रतीक्षेत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि उलट हार्ड डिस्क तशीच ठेवून रॅम ३२ जीबी केली तरी सकाळी चहा प्यायला वेळ उरतोच.

आता कोणती घ्यावी हे पाहू. आपल्या प्रकारच्या संगणकाचे झाकण बहुधा मागचा एक स्क्रू काढला की पुढे सरकते. आत अडीच इंची डिस्कचा एक ट्रे असतो आणि तो उचलला की खाली एम.२ नावाचा एक लांबट स्लॉट दिसतो. तेथे वायफायचे छोटे कार्ड बसवलेला दुसरा आखूड स्लॉटही असतो, तो एसएसडीचा नव्हे. लांब स्लॉट मोकळा असेल आणि मॉडेलच्या माहितीपत्रकात त्यावर एनव्हीएमई (एसएसडीचा वेगवान प्रकार) चालते असे लिहिलेले असेल, तर तीच घ्या. साटा, म्हणजे हार्ड डिस्कच्याच जोडणीने बसणाऱ्या प्रकारची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबीवर थांबते आणि एनव्हीएमई आपल्या संगणकात ३,५०० एमबीच्या आसपास जाऊ शकते. मात्र हा सहापट फरक मोठ्या फायलींची नक्कल करताना दिसतो, पत्रिका जुळवताना फारसा जाणवत नाही. त्यामुळे दोन्हींची किंमत जवळपास सारखी असेल तर एनव्हीएमई घ्यावी, आणि स्लॉट नसेल तर साटा घेऊन हळहळू नये. दुकानदार चौथ्या पिढीच्या पीसीआयई (एनव्हीएमई ज्या मार्गाने जोडली जाते तो) एसएसडीचे गुणगान करतील. ती आपल्या यंत्रात बसेल आणि चालेल, पण आपला स्लॉट तिसऱ्या पिढीचा असल्यामुळे तिचा जादा वेग वापरात येणार नाही. त्या वेगासाठी वेगळे पैसे मोजू नका.

क्षमतेबाबत माझे मत ५०० जीबीच्या बाजूचे आहे. विंडोज, सॉफ्टवेअर, फॉन्ट आणि चालू वर्षाची कामे एवढेच तिच्यावर ठेवा आणि सुमारे पाचवा हिस्सा मोकळा राहू द्या, कारण काठोकाठ भरलेली एसएसडी मंदावते. जुन्या ग्राहकांच्या पत्रिका आपल्या १ टीबी हार्ड डिस्कवरच राहू शकतात, कारण एम.२ वापरल्यामुळे तिची जागा रिकामी करावी लागत नाही. परंतु रिफर्बिश्ड यंत्रासोबत आलेली ती डिस्क आधी किती वर्षे चालली आहे हे आपल्याला माहीत नाही, म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत साधनाने तिची प्रकृती तपासा आणि महत्त्वाच्या कामांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर अवश्य ठेवा. एसएसडी लिहून लिहून झिजते ही भीती मात्र आपल्या कामापुरती मनातून काढून टाका. ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीवर ३०० टीबीडब्ल्यू असा आकडा सर्रास असतो, म्हणजे ३०० टीबी लिहीपर्यंतची ती हमी असते. आपण रोज ३० जीबी लिहिले तरी वर्षाला ११ टीबी होतात. त्या हिशेबाने २७ वर्षे लागतील.

रॅमचा निर्णय अधिक जपून घ्यावा लागतो, कारण २०२५ च्या उत्तरार्धापासून तिचे भाव झपाट्याने चढले आहेत. जगातील बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या महागड्या मेमरीकडे त्यांनी आपले उत्पादन वळवले आहे. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये, सामान्य ग्राहकांसाठीचा क्रुशल हा आपला व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा भाव मनात धरून बाजारात जाऊ नका आणि खडे बाजारात एकाच दुकानात विचारून परतूही नका.

टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर स्लॉट किती आणि वापरात किती हे लिहिलेले असते. तेथे दोनपैकी एक असे दिसले, तर ८ जीबीची आणखी एकच पट्टी घालून आपले १६ जीबी होतात, आणि दोन पट्ट्या जोडीने चालल्यामुळे वेगही थोडा वाढतो. आपल्या कामाला एवढे पुरेल. पण दोन्ही स्लॉट ४ जीबीच्या पट्ट्यांनी भरलेले असतील, तर पुन्हा ८ आणि ८ अशी जोडी घेण्याऐवजी १६ जीबीची एकच पट्टी घ्या आणि दुसरा स्लॉट राखून ठेवा. जोडीचा थोडा वेग जाईल हे खरे, तरीही उद्या गरज वाढली तर हातातली पट्टी काढून टाकावी लागणार नाही. छोट्या संगणकात जागा दोनच असतात, म्हणून पहिल्या खरेदीच्या वेळीच पुढच्या खरेदीचा विचार करावा लागतो.

पट्टी लॅपटॉपमध्ये बसते त्या आखूड प्रकारची, डीडीआर४ हवी. डीडीआर३ किंवा डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असल्यामुळे ती बसतच नाही, जोर लावू नका. ३२०० वेगाची पट्टी मिळाली तरी हरकत नाही, ती आपल्या यंत्रात २६६६ वर चालेल. पट्टी तिरकी धरून खाचेत पूर्ण सरकवायची आणि मग खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या पकडींचा टक्क असा आवाज आला की ती बसली. झाकण उघडलेच आहे तर पंखाही पाहा. छापखान्यात कागदाचा बारीक भुसा हवेत असतो आणि अशा छोट्या यंत्राच्या पंख्यामागील पात्यांत त्याचा कापसासारखा थर जमतो. तो मऊ ब्रशने काढला नाही, तर नवे भाग घालूनही यंत्र तापून मंदावेल.

पैसे वाचवायचे असतील तर वापरलेली रॅम घेण्यास माझी हरकत नाही. लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्यांकडे अशा पट्ट्या असतात, त्या सहसा झिजत नाहीत, आणि मेमटेस्ट८६ ही चाचणी रात्रभर चालवली की खरे-खोटे कळते. वापरलेली एसएसडी मात्र घेऊ नका.

शेवटची काळजी सॉफ्टवेअरची. विंडोजचा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे डिस्क बदलल्याने तो जात नाही. श्रीलिपीसारख्या टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरचे यूएसबी लॉक (ते चालण्यासाठी संगणकाला लावावी लागणारी छोटी चावी) सांभाळून ठेवा, आणि कन्नडसाठी नुडी वापरत असाल तर तिचे आणि जुन्या मराठी कामांचे सगळे फॉन्ट आधी वेगळे काढून घ्या. एक फॉन्ट राहून गेला की ऐन लग्नसराईत जुनी पत्रिका उघडल्यावर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. यासाठीच जुनी डिस्क निदान दोन महिने तरी पुसू नका.

प्रश्न : निपाणीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. मुलगी आता लग्नाच्या व्हिडिओंचे संकलन करते आणि तिला मॅक मिनी हवा आहे. १६ जीबी मेमरी आणि २५६ जीबी स्टोरेज घ्यावे की ५१२ जीबीचे? कोल्हापूर जवळ असल्यामुळे खरेदी तेथेच करण्याचा विचार आहे.
— एक छायाचित्रकार, निपाणी

उत्तर : अॅपलचा एम४ चिपचा मॅक मिनी हा छोटा संगणक २०२४ च्या अखेरीस आला तेव्हा भारतात १६ जीबी आणि २५६ जीबीच्या मॉडेलची किंमत ५९,९०० रुपये होती, तर ५१२ जीबीच्या मॉडेलची ७९,९०० रुपये. म्हणजे केवळ २५६ जीबी जागेसाठी २०,००० रुपये. आपण आजची किंमत विचारालच, परंतु हा फरक पाहूनच निर्णय घ्या.

मुलीच्या कामाचा हिशेब मांडून पाहा. कॅमेऱ्यातील ४के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिट या दराने नोंदला जात असेल, तर एका तासाचे ४५ जीबी होतात. हळदीपासून वरातीपर्यंत दोन कॅमेऱ्यांचे मिळून दहा तासांचे चित्रीकरण धरले, तर एकाच लग्नाचे ४५० जीबी झाले. मॅकओएस आणि संकलनाचे सॉफ्टवेअर बसवल्यानंतर ५१२ जीबीत तेवढी जागाच उरत नाही. तेव्हा बाहेरची डिस्क दोन्ही परिस्थितींत घ्यावीच लागणार आहे. माझा सल्ला असा की २५६ जीबीचाच घ्या आणि यूएसबी-सी ने जोडायची १ किंवा २ टीबीची चांगली बाहेरची एसएसडी वेगळी घ्या. सेकंदाला १,००० एमबीच्या आसपास चालणारी अशी डिस्क थेट तिच्यावरूनच संकलन करण्यास पुरते. काम ग्राहकाच्या हाती गेले की ते मोठ्या हार्ड डिस्कवर हलवा. बाहेरची एसएसडी भरून वर्षानुवर्षे कपाटात ठेवू नका, कारण वीज न मिळालेल्या एसएसडीतील नोंदी कालांतराने पुसट होऊ शकतात.

मेमरीचे गणित उलट आहे. मॅक मिनीत ती चिपसोबतच जोडलेली असते आणि नंतर कोणत्याही दुकानात, कोणत्याही किमतीला वाढवता येत नाही. साध्या कापणी-जोडणीला, रंगसंगतीला आणि रील्सना १६ जीबी पुरतील. मुलगी अनेक थरांचे ग्राफिक्स करणार असेल आणि हाती जास्तीचे पैसे असतील, तर ते मेमरीवर घाला. आपल्या स्टुडिओतील जुनी मराठी टंकलेखनाची विंडोजची सॉफ्टवेअरे मात्र त्यावर जशीच्या तशी चालणार नाहीत, त्यामुळे अल्बमवरील मजकुरासाठी विंडोजचा संगणक विकून टाकू नका.

कोल्हापूरच्या खरेदीबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपली जीएसटी नोंदणी असेल, तर ती कर्नाटकातील असणार. दुकानात उभे राहून माल हातात घेतला आणि महाराष्ट्राच्या राज्य कराचे बिल झाले, तर त्या कराची वजावट आपल्याला कर्नाटकात मिळत नाही. ५९,९०० रुपयांत १८ टक्के कर धरला तर ती रक्कम ९,१०० रुपयांच्या वर जाते. आपला जीएसटी क्रमांक देऊन, माल निपाणीच्या पत्त्यावर पाठवायला सांगून आयजीएसटीचे (दोन राज्यांमधील विक्रीवरील कराचे) बिल घ्या, आणि पैसे देण्यापूर्वी आपल्या कर सल्लागारांशी बोला. नोंदणी नसेल, तर जेथे स्वस्त मिळेल आणि जेथे पक्के बिल मिळेल तेथे घ्या.

प्रश्न : आमच्या शाळेच्या छोट्या डेस्कटॉपमध्ये २५६ जीबीची एसएसडी बसवून घेतली, पण विंडोजमध्ये २३८ जीबीच दिसते. आमची फसवणूक झाली आहे का?
— एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : नाही. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, तर विंडोज १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ बाइटला एक जीबी म्हणते. २५६ अब्ज बाइटला त्या संख्येने भागले की २३८ येतात. याच हिशेबाने ५०० जीबीची डिस्क ४६५ दिसते.

आपल्याकडे पावसाळ्यात वीज वरचेवर जाते, म्हणून या संगणकाला एक छोटा यूपीएस जोडून घ्यावा. एसएसडीला हादऱ्यांचा त्रास होत नाही हे खरे असले तरी लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइल बिघडू शकते. अशी छोटी यंत्रे बहुधा ६५ किंवा ९० वॉटच्या अडॅप्टरवर चालतात, त्यामुळे साधा यूपीएसही काम जतन करून संगणक नीट बंद करण्याइतका वेळ देतो. मात्र मॉनिटरची वायरही यूपीएसवरच जोडा.