बलिदानी जीवन, त्यागमय जीवन की आणखी काही?

प्रश्न असा आहे : चर्चमधल्या प्रवचनांत ज्याला ‘सॅक्रिफिशियल लिव्हिंग’ म्हणतात, त्याला मराठीत ‘बलिदानी जीवन’ म्हणावे की ‘त्यागमय जीवन’? आणि जुन्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागातल्या, बळींशी त्याचा खरोखर काही संबंध आहे का?

संबंध आहे, आणि तो धरला तरच योग्य शब्द सापडतो.

जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकात सगळ्या अर्पणांना मिळून हिब्रू शब्द आहे ‘कोरबान’. त्याचा धातू ‘जवळ येणे’ या अर्थाचा आहे. म्हणजे कोरबान हे देवाजवळ आणलेले. त्यात मारण्याचा अर्थ मुळातच नाही. म्हणून मैदा, तेल आणि ऊद यांचे अन्नार्पण, ‘मिन्हा’, हेही कोरबानच. त्यात खमीर आणि मध चालत नसे, मीठ मात्र हवेच. गरिबाला मेंढरू परवडले नाही तर दोन पारवे, तेही जमले नाहीत तर पापार्पणाला, म्हणजे पापक्षालनाच्या अर्पणाला, एफाचा दशांश (सुमारे दोन लिटर) मैदासुद्धा पुरे, अशी सोय त्याच पुस्तकात आहे. येशूच्या जन्मानंतर मरीया आणि योसेफ यांनी मंदिरात गरिबांचेच अर्पण दिले, असे शुभवर्तमानकार लूक सांगतो.

आपल्या प्रश्नाला सगळ्यात जवळचे अर्पण म्हणजे ‘ओला’, मराठी बायबलमधला होमबली. या शब्दाचा धातू ‘वर चढणे’. इतर अर्पणांत वाटे असत : शांत्यर्पणात चरबी वेदीवर, ऊर आणि उजवी मांडी याजकाला, उरलेले मांस अर्पण करणाऱ्याच्या घरच्यांना. ओलामध्ये असे वाटे नाहीत. आणणारा पशूच्या डोक्यावर हात ठेवी, मग कातडे सोडून सगळाच्या सगळा पशू धूर होऊन वर जाई. स्वतःकडे काहीच राखून न ठेवलेले हे अर्पण.

आता ख्रिस्ताचा प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १२व्या अध्यायात म्हणतो की आपली शरीरे ‘जिवंत यज्ञ’ म्हणून समर्पण करा. ज्यांनी वेदी पाहिली होती त्यांना हे शब्द दचकवणारे असणार, कारण वेदीवरचा पशू जिवंत राहत नसे. पौल अर्पणाचे संपूर्णपण ठेवतो आणि मरण बाजूला करतो. फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती पाठवलेल्या मदतीलाही तो ‘सुवास’ म्हणतो. ग्रीक जुन्या करारात होमबलीच्या सुवासासाठी हेच शब्द येतात. इब्री लोकांस लिहिलेले पत्र स्तुतीला, परोपकाराला आणि वाटून घेण्याला यज्ञ म्हणते. इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडल्यावर यहुद्यांच्या बाजूनेही शब्द असाच सरकला. त्यांच्या दुपारच्या प्रार्थनेचे नाव आजही ‘मिन्हा’ आहे.

मग मराठी शब्द कोणता? ‘बली’ संस्कृतात पुष्कळ मोकळा होता. वैश्वदेवातले बलिहरण, कावळ्याला घातलेला काकबळी, यांत कुणी मरत नाही. पण आजच्या मराठीत ‘अपघातात तिघांचा बळी’ म्हणतात, तिथे देणाराही नाही आणि घेणाराही नाही. ‘बलिदान’ हुतात्म्यांचे झाले आहे. ख्रिस्ताच्या क्रूसावरील मरणासाठी तो शब्द अगदी योग्य. रोजच्या जगण्यासाठी नाही.

‘त्याग’ची गोष्ट मला जास्त हळहळ लावते. यज्ञात ‘अग्नय इदं न मम’ म्हणत आहुती सोडणे हाच त्याग. तिथे सोडणारा आहे आणि कुणासाठी सोडले त्याचे नावही आहे. आता आपण संसाराचा त्याग म्हणतो, पदाचा त्याग म्हणतो. काय सोडले ते कळते, कुणाला दिले ते कळत नाही. कोरबानमधली जवळीक त्यात उरत नाही. ‘समर्पित जीवन’ अर्थाने बरोबर आहे, पण सत्कारांच्या मानपत्रांत ते फार झिजले आहे.

माझे मत ‘वाहणे’ या क्रियापदाला आहे. आपण देवाला फूल वाहतो, बेल वाहतो. संस्कृत ‘वह्’ म्हणजे नेणे, त्यामुळे जवळ नेण्याचा अर्थ त्यात आहेच, अगदी कोरबानसारखा. आणि ‘वाहून घेणे’ हा आपला रोजचा वाक्प्रचार तर थेट पौलाच्या वाक्याशी जाऊन भिडतो : माणूस जिवंत आहे, पण स्वतःचा उरलेला नाही. हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणणाऱ्या पंडिता रमाबाईंबद्दल बोलताना ‘त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनला स्वतःला वाहून घेतले’ असे म्हटले, की वेगळे विशेषण लागत नाही.

तेव्हा वचन उद्धृत करताना ‘जिवंत यज्ञ’ तसेच ठेवा. एरवी लिहिताना ‘देवाला वाहिलेले जीवन’ लिहा, आणि बोलताना ‘वाहून घेतलेली माणसे’ म्हणा.